वैद्यकीय विद्येच्या दारांत उभा असलेला विद्यार्थी

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-मेळाव्यांत दिलेलें व्याख्यान)



आपल्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्तानें विद्यार्थ्यांपुढें चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हां विषय कोणता घ्यावा ह्याचा फारसा विचार करावा लागला नाहीं. दरवर्षीं जून महिना लागला कीं आपल्या वाड्यावाड्यांतून एक प्रश्न कानीं पडतो : "मुलीला डॉक्टर व्हावयाचें आहे, काय करावें?" आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, परंतु तो हलक्या आवाजांत, देवळाच्या आवारांतील एखाद्या कोपऱ्यांत विचारला जातो : "दोनदां परीक्षा दिली, यश आलें नाहीं, पोराचें नांव बी. एस्‌सी.च्या वर्गांत घातलें आहे. आतां पुढें काय?" पहिल्या प्रश्नाचें उत्तर देणारे पुष्कळ आहेत. शहरांतील भिंतीभिंतींवर त्यांच्या जाहिराती लागलेल्या असतात. दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर देण्यास सहसा कोणी पुढें येत नाहीं. म्हणून आज मी ह्या दोन्ही प्रश्नांविषयीं बोलणार आहें. आणि त्यांतही जो विद्यार्थी पदवीच्या वर्गांत बसून वैद्यकीय विद्यालयाच्या दाराकडे डोळे लावून आहे, त्याच्याशीं विशेष बोलणार आहें.

प्रथम तें दार कसें आहे हें नीट पाहूं या. आपल्या देशांत वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. गोव्याचें वैद्यकीय विद्यालय १८४२ सालीं स्थापन झालें आणि मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं. एके काळीं प्रत्येक प्रांताची व प्रत्येक मोठ्या संस्थेची प्रवेशाची रीत निराळी होती, आणि एकच विद्यार्थी चार-पांच गांवांना जाऊन चार-पांच परीक्षा देत असे. २०१३ सालीं सर्व देशासाठीं एकच परीक्षा प्रथम घेण्यांत आली. त्याच वर्षीं सर्वोच्च न्यायालयानें ती रद्द ठरविली. आणि २०१६ सालीं त्याच न्यायालयाच्या आदेशानें ती पुन्हां सुरू झाली. हीच 'नीट' परीक्षा होय. दिल्लीच्या 'एम्स'ची व पुदुच्चेरीच्या 'जिपमर'ची स्वतंत्र परीक्षा २०१९ पर्यंत होती. २०२० पासून तीही 'नीट'मध्यें विलीन झाली. तात्पर्य, दार आतां एकच आहे. ह्याचा लाभ असा कीं गरिबाच्या मुलाचा प्रवासखर्च वांचला. आणि तोटा असा कीं एका दुपारच्या तीन तासांवर वर्षभराचें भवितव्य टांगलें जाऊं लागलें.

२०२५ सालच्या परीक्षेचें स्वरूप पाहा. एकशें ऐंशीं प्रश्न आणि एकशें ऐंशीं मिनिटें. पदार्थविज्ञानाचे पंचेचाळीस, रसायनशास्त्राचे पंचेचाळीस व जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न. प्रत्येक अचूक उत्तरास चार गुण, प्रत्येक चुकीच्या उत्तरास एक गुण वजा. एकूण गुण सातशें वीस. प्रश्नपत्रिका तेरा भाषांतून मिळूं शकते व त्यांत आपली मराठीही आहे. मात्र भाषांतराविषयीं शंका आली तर इंग्रजी मजकूर प्रमाण मानतात, हें मराठींतून परीक्षा देणाऱ्यानें लक्षांत ठेवावें. अकरावी व बारावी ह्या दोन्ही वर्षांचा अभ्यास परीक्षेला असतो. आपल्या मुलांपैकीं कितीतरी जण अकरावीचें वर्ष शाळा सुटल्याच्या आनंदांत घालवितात आणि बारावींत अर्ध्या अभ्यासाच्या बळावर पूर्ण परीक्षेस जातात. अपयशाचीं कारणें शोधीत आपण दूर दूर जातों. पुष्कळ वेळां तें कारण येथेंच, ह्या हरवलेल्या वर्षांत असतें.

आतां एका शब्दाविषयीं सावध करतों. तो शब्द म्हणजे 'पात्र'. २०२५ सालीं बावीस लक्षांहून अधिक विद्यार्थी परीक्षेस बसले आणि त्यांतील बारा लक्षांहून अधिक 'पात्र' ठरले. परंतु देशांतील एम. बी. बी. एस.च्या सर्व जागा, सरकारी व खासगी मिळून, एक लाखाहून अधिक असल्या तरी दीड लाखाहून कमीच होत्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहा विद्यार्थ्यांपैकीं सुमारें एकालाच ती जागा मिळावयाची. निकालाच्या दिवशीं घरोघर पेढे वांटले जातात आणि ऑगस्टमध्यें त्याच घरांत शोक पसरतो, त्याचें कारण हा शब्द. पात्रता म्हणजे रांगेंत उभें राहण्याची अनुज्ञा. आंत जाण्याची नव्हे.

रांगाही एकच नाहीं. सरकारी महाविद्यालयांतील शेंकडा पंधरा जागा सर्व देशांतील विद्यार्थ्यांसाठीं असतात व शेंकडा पंच्याऐंशीं त्या त्या राज्याच्या विद्यार्थ्यांसाठीं. आपल्या राज्याच्या जागांसाठीं अधिवासाचा दाखला व येथील शिक्षणाचीं प्रमाणपत्रें लागतात. हे कागद निकालानंतर धांवपळ करून मिळवूं असें म्हणणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखें आहे. तसेंच बेंगळूरूचें सेंट जॉन्स, वेल्लोरचें ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालय आणि लुधियानाचें तशाच नांवाचें महाविद्यालय ह्यांत ख्रिस्ती विद्यार्थ्यांसाठीं जागा असतात. तेथील प्रवेशही ह्याच परीक्षेच्या गुणांवरून होतो, परंतु त्यासाठीं निराळा अर्ज व निराळे दाखले लागतात. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरील नांव व शाळेच्या दाखल्यावरील नांव ह्यांत एका अक्षराचा फरक असला तरी अडचण उभी राहते. आपल्याकडे घरचें नांव एक, शाळेंतलें दुसरें व आडनांवाचें स्पेलिंग तिसरें, अशीं उदाहरणें घरटीं सांपडतील. अकरावींत असतांनाच हें दुरुस्त करून घ्यावें.

आणि येथेंच आईबापांना हात जोडून एक विनंती. "अमुक इतके लाख द्या, जागा मिळवून देतों," असें सांगणारा मनुष्य दारीं आला तर त्याला पाणी द्यावें आणि दार दाखवावें. प्रवेश परीक्षेच्या गुणानुक्रमानें व सरकारी प्रवेशफेऱ्यांतूनच होतो; खासगी महाविद्यालयांतील जागांनाही हाच नियम लागू आहे. खासगी महाविद्यालयांची फी मात्र फार मोठी असते. पिढ्यांनीं विहिरीचें पाणी घालून वाढविलेली वाडी एका सहीनिशीं विकून ती भरावी काय, हा प्रश्न भावनेच्या भरांत सोडवूं नये. संपूर्ण अभ्यासक्रमाची फी, वसतिगृहाचा खर्च, पुस्तकें, आणि पुढील पदव्युत्तर शिक्षणाचीं वर्षें, हें सर्व एका कागदावर मांडावें. धाकट्या भावंडांचीं नांवेंही त्याच कागदावर लिहावीं. आणि मग निर्णय करावा.

दार पाहून झालें, आतां तयारी. प्रथम अभ्यासाविषयीं बोलतों. ह्या परीक्षेचा पाया म्हणजे एन. सी. ई. आर. टी.चीं अकरावी-बारावीचीं पाठ्यपुस्तकें. जाड जाड मार्गदर्शकांच्या राशी घरांत रचून मुलाला धीर येतो, परंतु ज्ञान येत नाहीं. जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न, म्हणजे निम्मे गुण, प्रामुख्यानें त्या पाठ्यपुस्तकांच्या वाक्यांवरून, आकृत्यांवरून व कोष्टकांवरून काढलेले असतात. राज्यमंडळाच्या पुस्तकांवर शिकलेल्या मुलांनीं हीं पुस्तकें स्वतंत्रपणें, ओळन्‌ओळ वाचलींच पाहिजेत.

परंतु वाचणें म्हणजे शिकणें नव्हे. एकच प्रकरण पांच वेळां वाचलें म्हणजे तें ओळखीचें वाटूं लागतें, आणि ओळख म्हणजेच ज्ञान असा भ्रम होतो. खरी कसोटी पुस्तक मिटल्यावर लागते. मूत्रपिंडाची रचना वाचलीत? मग पुस्तक बंद करा, कोऱ्या कागदावर आकृति काढा, नांवें घाला, आणि रक्त तेथें कसें गाळलें जातें हें आपल्या धाकट्या बहिणीला समजेल अशा शब्दांत सांगा. जेथें जीभ अडखळेल तेथें आपलें अज्ञान आहे. तेवढेंच पुन्हां वाचा. आज शिकलेलें उद्यां, मग आठवड्यानें, मग महिन्यानें असेंच आठवून पाहा. ह्या रीतीनें दोन तासांत जें होतें तें नुसत्या वाचनानें रात्र जागूनही होत नाहीं.

दुसरी गोष्ट चुकांच्या वहीची. सरावाची प्रत्येक प्रश्नपत्रिका सोडविल्यावर गुण मोजून ती बाजूला टाकूं नका. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढें कारण लिहा : माहिती नव्हती, माहिती होती पण आठवली नाहीं, प्रश्न घाईनें वाचला, कीं आंकडेमोड चुकली. चार प्रकारच्या चुकांवर चार निराळे उपाय आहेत. माहिती नसेल तर अभ्यास हवा. आठवत नसेल तर उजळणी हवी. घाई असेल तर संयम हवा. आंकडेमोड चुकत असेल तर हातानें गणितें करण्याचा रोजचा सराव हवा, कारण परीक्षागृहांत गणनयंत्र नेऊं देत नाहींत. महिन्याअखेर ती वही चाळली म्हणजे विद्यार्थ्याला आपला स्वभावच आरशांत दिसतो.

तिसरी गोष्ट अनुमानाची. मुलें विचारतात, उत्तर येत नसेल तर अंदाजानें लिहावें काय? ह्याचें उत्तर अंकगणित देतें. चार पर्यायांतून डोळे मिटून निवड केली तर वीस प्रश्नांत सरासरीनें पांच बरोबर व पंधरा चूक यावयाचे; म्हणजे वीस गुण मिळाले व पंधरा गेले. हातीं पांच उरले, आणि तेही नशिबानें साथ दिली तर. परंतु विषयाच्या ज्ञानानें दोन पर्याय निश्चित चुकीचे ठरवितां आले तर त्याच वीस प्रश्नांत सरासरीनें दहा बरोबर येऊन तीस गुण हातीं राहतात. म्हणजे अर्धवट ज्ञानालाही किंमत आहे, निव्वळ जुगाराला जवळजवळ नाहीं. वेळेचा हिशेबही असाच. प्रश्नामागें एक मिनिट सर्वत्र सारखें वांटूं नये. जीवशास्त्राचे नव्वद प्रश्न पन्नास मिनिटांत आटोपण्याचा सराव केला तर पदार्थविज्ञान व रसायन ह्यांच्या नव्वद प्रश्नांसाठीं एकशें तीस मिनिटें मोकळीं राहतात.

चौथी गोष्ट, झोंप. जो विद्यार्थी पुढें शरीराचें शास्त्र शिकणार आहे त्यानें स्वतःच्या शरीराशीं वैर करून त्या विद्येचा आरंभ करूं नये. दिवसा शिकलेलें मनांत स्थिर होण्याचें काम मोठ्या अंशीं झोंपेंत होतें. झोंपेंतून चोरलेले दोन तास दुसऱ्या दिवशीं व्याजासह परत द्यावे लागतात.

आतां जो विद्यार्थी बी. एस्‌सी.च्या वर्गांत आहे त्याच्याकडे वळतों. बाळांनो, तुमची स्थिति मी जाणतों. वर्गांत बसतां, परंतु मन वर्गांत नसतें. कोणी विचारलें तर "सध्यां नुसतें नांव घातलें आहे," असें सांगतां. त्या 'नुसतें' ह्या शब्दाला माझी हरकत आहे. कायद्यानें तुम्हांला परीक्षा पुन्हां देण्यास मोकळीक आहे : प्रवेशाच्या वर्षीं ३१ डिसेंबरला सतरा वर्षें पूर्ण असलीं म्हणजे झालें; वयाची वरची मर्यादा २०२२ सालीं काढून टाकण्यांत आली, आणि किती वेळां परीक्षा द्यावी ह्यालाही बंधन नाहीं. परंतु कायद्यानें मर्यादा घातली नाहीं, म्हणूनच ती आपण घालावयास हवी. "पुढल्या वर्षीं नक्की," असें म्हणतां म्हणतां तारुण्याचीं चार-पांच वर्षें एका मांडवाखालीं वरातीची वाट पाहण्यांत जातात.

माझा सल्ला असा. आईबापांसमोर बसून, निकाल हातीं येण्यापूर्वीं, शांत चित्तानें ठरवा : आणखी किती प्रयत्न? माझ्या मतें बारावीनंतर एक, फार तर दोन. दुसरा प्रयत्न करावा कीं नाहीं हें इच्छेवर नव्हे, तर पहिल्या प्रयत्नांतील गुणांवर व चुकांच्या वहीवर ठरवावें. प्रवेशाच्या रेषेपासून थोडें दूर राहिलेल्या व चुका कोठें झाल्या हें ओळखणाऱ्या विद्यार्थ्याला आणखी एक वर्ष देणें शहाणपणाचें. ज्याच्या गुणांत वर्षभराच्या कष्टानेंही फारसा फरक पडला नाहीं, त्याला तेंच वर्ष पुन्हां देणें ही माया खरी, पण हित नव्हे.

आणि ज्या काळांत तुम्ही प्रयत्न करीत आहांत, त्या काळांत पदवीचा अभ्यासही मनापासून करा. जीवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, हे विषय वैद्यकाचे सख्खे भाऊ आहेत. प्रयोगशाळेंत सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी पाहिलेल्या मुलीला पुस्तकांतील पेशी निराळी समजते. उपस्थिति पूर्ण ठेवा, सत्रपरीक्षा चुकवूं नका. दार उघडलें तर हें ज्ञान पहिल्या वर्षांत उपयोगीं पडेल. न उघडलें तर तुमच्या हातीं पदवी असेल, रिकामीं वर्षें नसतील.

येथें दुसऱ्या एका देशाची रीत सांगतों. आपल्यापैकीं पुष्कळांचे आप्त तेथें आहेत म्हणून, आणि तींतून आपणांस शिकण्यासारखें आहे म्हणूनही. अमेरिकेंत बारावीनंतर लगेच वैद्यकीय विद्यालयांत जातां येत नाहीं. सामान्यतः चार वर्षांची पदवी आधीं घ्यावी लागते. १९१० सालीं अब्राहम फ्लेक्सनर ह्यांनीं तेथील वैद्यकीय विद्यालयांची पाहणी करून प्रसिद्ध केलेल्या अहवालानें ह्या रीतीला मोठें बळ मिळालें. पदवीच्या वर्गांतील विद्यार्थी जीवशास्त्र, रसायन व पदार्थविज्ञान प्रयोगांसह शिकतो आणि 'एम्‌कॅट' नांवाची परीक्षा देतो. तिच्या २०१५ पासूनच्या स्वरूपांत चार विभाग आहेत व गुण ४७२ पासून ५२८ पर्यंत मिळतात. त्यांतील एक विभाग मानस व समाज ह्यांविषयींचा आहे, आणि दुसऱ्या एका विभागांत विज्ञान मुळींच नसून इतिहास, तत्त्वज्ञान, कला ह्यांवरील उतारे वाचून विचार करावयाचा असतो. एवढ्यानेंही भागत नाहीं. विद्यार्थ्याला स्वतःविषयीं निबंध लिहावा लागतो, प्राध्यापकांचीं पत्रें आणावीं लागतात, आणि मुलाखतींत समोर बसून सांगावें लागतें कीं रुग्णालयांत काय पाहिलें, कोणाची सेवा केली, आणि डॉक्टर कां व्हावयाचें.

त्या रीतींतही दोष आहेत. ती खर्चाची आहे, आणि पैसेवाल्याच्या मुलाला अनुभव मिळविणें सोपें जातें. परंतु "कां व्हावयाचें?" हा प्रश्न तेथें विचारला जातो. आपल्या परीक्षेच्या एकशें ऐंशीं प्रश्नांत तो एकशें एक्याऐंशींवा प्रश्न नाहीं. येथें तो कोणी विचारीत नाहीं. म्हणून विद्यार्थ्यानें तो स्वतःच स्वतःला विचारला पाहिजे.

ह्या प्रश्नाचें उत्तर एका मराठी मुलीनें आपल्या आयुष्यानें दिलें. १८६५ सालीं कल्याणला, आपल्या वसईपासून फार दूर नव्हे, जन्मलेल्या आनंदीबाई जोशी अवघ्या चौदा वर्षांच्या असतांना त्यांचें मूल जन्मानंतर दहा दिवसांत दगावलें. त्या दुःखांतून वैद्यक शिकण्याचा निश्चय उपजला. १८८३ सालीं त्या समुद्र ओलांडून गेल्या, फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत शिकल्या, आणि १८८६ सालीं पदवी घेऊन परतल्या. पुढल्याच वर्षीं, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्यापूर्वीं, त्यांचें पुण्यास देहावसान झालें. एकाही रुग्णाच्या दीर्घ सेवेचें भाग्य त्यांना लाभलें नाहीं. तरी त्यांच्या निश्चयानें किती मुलींना वाट दाखविली ह्याची गणति नाहीं.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. मेरी ग्लोरी ही ऑस्ट्रेलियन डॉक्टर १९२० सालीं आंध्रांतील गुंटूरला आली आणि धर्मभगिनी झाली. त्या काळीं व्रतस्थ भगिनींना वैद्यकीय व्यवसाय करण्यास ख्रिस्तसभेच्या नियमांची आडकाठी होती; तिच्यासाठीं पोपमहाशयांची विशेष अनुज्ञा घ्यावी लागली. सर्व भगिनींना प्रसूतिशास्त्रासह वैद्यकाची मोकळीक रोमहून मिळाली ती १९३६ सालीं. १९४३ सालीं ह्याच सिस्टर मेरींच्या पुढाकारानें देशांतील कॅथलिक रुग्णालयांची संघटना उभी राहिली. आपलें एखादें वैद्यकीय महाविद्यालय असावें हें त्यांचें स्वप्न होतें. त्या १९५७ सालीं वारल्या, आणि १९६३ सालीं बेंगळूरूला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. दार बंद असतां ती स्त्री दारापाशीं रडत बसली नाहीं. जेवढें उघडें होतें तेवढ्यांतून आंत गेली आणि मागून येणाऱ्यांसाठीं तें रुंद केलें.

म्हणून विद्यार्थ्यांनो, अभ्यासाबरोबर आणखी एक तयारी करा. आठवड्यांतून एक तास आजाऱ्याजवळ बसा. आपल्या धर्मग्रामांत अंथरुणाला खिळलेले वृद्ध आहेत; त्यांचें औषध आणून द्या, त्यांचें बोलणें ऐका, त्यांचा वास, त्यांची चिडचिड, त्यांचें एकटेपण सहन होतें काय पाहा. एखाद्या सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागांत सकाळभर बांकावर बसून पाहा. वैद्यकाचा अभ्यासक्रम साडेचार वर्षांचा, त्यावर एक वर्ष रुग्णालयांत उमेदवारी. पहिल्याच वर्षीं मृत देहाच्या विच्छेदनापाशीं उभें राहावें लागतें. २०१९ पासून रुग्णाशीं संवाद, नीति व वर्तन हेही अभ्यासाचे भाग झाले आहेत. हें सर्व पाहून मन मागें सरलें तर त्यांत लाज नाहीं. वेळीं कळलें हें भाग्य. आणि पाहून मन अधिक ओढ घेऊं लागलें, तर त्या ओढीनें पहांटेच्या अभ्यासाला जें बळ येईल तें कोणत्याही शिकवणीवर्गांत विकत मिळत नाहीं.

एक कटु विषयही टाळतां येत नाहीं. २०२४ सालीं ह्या परीक्षेवरून देशभर खळबळ माजली. आरंभीं सदुसष्ट विद्यार्थ्यांना पूर्ण सातशें वीस गुण मिळाल्याचें जाहीर झालें. पंधराशें त्रेसष्ट विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण मागें घेऊन त्यांना पुन्हां परीक्षा देण्याची संधि द्यावी लागली. कांहीं ठिकाणीं प्रश्नपत्रिका फुटल्याचें उघडकीस आलें. सर्व परीक्षा रद्द करण्यास सर्वोच्च न्यायालयानें जुलैमध्यें नकार दिला. त्या उन्हाळ्यांत प्रामाणिक मुलांच्या मनावर जो आघात झाला तो मी डोळ्यांनीं पाहिला आहे. त्यांना मी एवढेंच सांगतों : व्यवस्थेचा दोष हा तुमच्या लायकीचा निवाडा नव्हे. आणि ज्या आईबापांच्या मनांत 'कोठून तरी प्रश्नपत्रिका मिळाली तर' असा विचार क्षणभरही डोकावला असेल त्यांना विचारतों : चोरीनें डॉक्टर झालेल्याच्या हातीं तुम्ही स्वतःची नाडी द्याल काय?

शेवटीं, दार न उघडलें तर? हा प्रश्न मी मुद्दाम मोठ्या आवाजांत विचारतों, कारण तो हलक्या आवाजांत विचारला गेल्यानेंच घरें आंतून पोखरलीं जातात. अठरा-वीस परीक्षार्थींमागें सुमारें एकाला एम. बी. बी. एस.ची जागा मिळते. उरलेले सर्व नालायक असते तर हा देश केव्हांच बुडाला असता. निकालाच्या दडपणाखालीं मुलांनीं आपला जीव संपविल्याच्या वार्ता आपण वाचतों. आयाबापांनो, निकालाच्या दिवशीं तुमचें पहिलें वाक्य काय असेल तें आजच ठरवून ठेवा. "किती गुण?" हें तें वाक्य नसावें. "जेवलास काय, बाळा?" हें असूं द्यावें. गुण त्यानंतर कळतीलच. आणि मुलांनो, मन काळवंडूं लागलें, जगणें नकोसें वाटूं लागलें, तर त्याच क्षणीं आईला, धर्मगुरूंना, शिक्षकांना, डॉक्टरांना, कोणाला तरी उठवून सांगा. मध्यरात्र असली तरी सांगा. त्यासाठीं झोंपमोड झाली म्हणून कोणीही रागावणार नाहीं.

रुग्णसेवेची वाट डॉक्टरच्या खुर्चीवर सुरू होत नाहीं आणि तेथें संपतही नाहीं. परिचारिकेचें शास्त्र, औषधनिर्माण, भौतिकोपचार, प्रयोगशाळेचें तंत्र, दंतवैद्यक, आयुर्वेद, सार्वजनिक आरोग्य, ह्या सर्व वाटा त्याच रुग्णाच्या खाटेकडे जातात. परिचारिकेला आपण 'नुसती नर्स' म्हणतों. रात्रीं दोन वाजतां रुग्णाचा श्वास बदलला हें प्रथम कोणाच्या लक्षांत येतें? त्या 'नुसतीच्या'. जीवशास्त्राचा पदवीधर संशोधनांत गेला तर त्याच्या हातून निघालेली एखादी चाचणी हजारों अनोळखी रुग्णांना उपयोगीं पडूं शकते. बी. एस्‌सी.चा वर्ग हा प्रतीक्षालय नव्हे. तोही एक मार्ग आहे, आणि तो चालणाऱ्याला कोठें तरी पोंचवितोच.

आतां आपल्या धर्मग्रामाकडे एक मागणें. सुवर्णमहोत्सवाचे दिवे चार दिवसांनीं उतरतील; मागें कांहीं राहावें अशी माझी इच्छा आहे. आपल्या सभागृहामागील खोली सायंकाळीं सहापासून दहापर्यंत विद्यार्थ्यांसाठीं उघडी व शांत ठेवावी. पुष्कळ घरांत दोन खोल्यांत सात माणसें आणि एक दूरदर्शन संच असतो, तेथें अभ्यास कसा व्हावा? परीक्षा संपलेल्या मुलांनीं आपलीं पाठ्यपुस्तकें तेथील कपाटांत ठेवावीं, म्हणजे पुढल्यांना तीं विकत घ्यावीं लागणार नाहींत. धर्मग्रामांतील डॉक्टर, परिचारिका, औषधविक्रेते व प्राध्यापक ह्यांनीं महिन्यांतून एका रविवारीं मिस्सेनंतर एक तास त्या खोलींत बसावें. दाखल्यांची यादी भिंतीवर लावावी. ह्याला मोठा निधि लागत नाहीं. एक किल्ली, दोन दिवे आणि कांहीं माणसांचा वेळ लागतो. पहिल्या रविवारचा तास मी आजच कबूल करतों.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यापैकीं कांहीं जण त्या दारांतून आंत जातील. त्यांनीं आंत गेल्यावर आपला गांव विसरूं नये. कांहीं जण दुसऱ्या वाटेनें जातील. त्यांनीं मान खालीं घालून जाऊं नये. दोघांचीही वाट पाहणारा रुग्ण एकच आहे. प्रभु तुम्हां सर्वांच्या कष्टांना यश देवो, आणि जेथें यश न येईल तेथें धैर्य देवो, एवढीच माझी प्रार्थना.